काय दिसलं रं दादा?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत निम्म्याहून अधिक खाटांवर मनाच्या आजाराचे रुग्ण होते. हातपाय धड, अंगात ताप नाही, एक्स-रेत काही सापडत नाही, आणि तरी माणूस उभा राहू शकत नाही. त्यांना बघायला पुरेसे डॉक्टरच नव्हते. म्हणून कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी, लष्करानं १९४३ मध्ये सुरू केलेल्या विंटर इस्पितळात, मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी युद्धानंतर एक मोठी शाळाच उघडली. तरुण डॉक्टर तिथं येत आणि मनाचं दुखणं कसं बघायचं ते रुग्णांच्या सोबत राहून शिकत.

१९४८ च्या सुमारास या इस्पितळात मोंटानातल्या ब्लॅकफूट या इंडियन जमातीचा एक माणूस दाखल झाला. फ्रान्समध्ये ट्रकवरून पडून त्याच्या कवटीला मार बसला होता. घरी परतल्यापासून त्याचं डोकं ठणकायचं, मध्येच डोळ्यांपुढं अंधार यायचा, कानात आवाज व्हायचा. बहिणीच्या घरी राहत होता. इस्पितळात त्याचं सगळं तपासून झालं. पाठीच्या कण्यातून हवा सोडून मेंदूचे फोटो काढायची त्या काळातली फार वेदनेची तपासणीही झाली. मेंदूत खोट दिसेना. मग डॉक्टरांना शंका आली की हा भ्रमिष्ट तर नाही? पण तो गप्प राहतो, थांबून थांबून बोलतो, ते आजारामुळं की त्याच्या लोकांची रीतच तशी, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. तेव्हा मेनिंजर यांनी न्यूयॉर्कहून जॉर्ज दव्हरो नावाच्या एका मानववंशशास्त्रज्ञाला बोलावून घेतलं. दव्हरो वैद्यकीय डॉक्टर नव्हते, तोवर मान्यताप्राप्त मनोविश्लेषकही नव्हते. मात्र कोलोराडो नदीकाठच्या मोहावे इंडियनांमध्ये ते राहिले होते, त्यांची भाषा आणि त्यांची स्वप्नं त्यांनी ऐकली होती.

दव्हरो यांनी त्या माणसाला समोर बसवून ऐकलं आणि ऐकता ऐकता लिहून घेतलं. ती सगळी बोलणी जवळपास जशीच्या तशी त्यांच्या ‘रिॲलिटी अँड ड्रीम’ या १९५१ च्या पुस्तकात आहेत. पुढं आर्नो देप्लेशाँ या फ्रेंच दिग्दर्शकानं त्यावर ‘जिमी पी.’ हा चित्रपट केला. २०१३ मध्ये तो कानच्या महोत्सवात स्पर्धेत होता. बेनिसिओ देल तोरो तो रुग्ण, जिमी, झाला आहे, मातिऊ अमालरिक दव्हरो. युद्धावरच्या चित्रपटांची सवय असलेल्याला इथं युद्ध सापडत नाही. एका खोलीत दोन माणसं, एक बोलतो, दुसरा ऐकतो. बाहेर इस्पितळाचं आवार, थोडा कॅन्ससचा वारा. मला हा चित्रपट जवळचा वाटला त्याचं कारण चित्रपटाच्या बाहेरचं आहे. जिमी पहिल्यांदा कपाळ दाबून धरतो ते बघताना मला माझे मामाआजोबा दिसायला लागले.

मामाआजोबा म्हणजे आजीचे थोरले भाऊ. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत असायचा. सगळ्यांना ठाऊक असलेलं गाव म्हणजे अपशिंगे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण पडले, आणि त्या गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. आमच्या गावाला तसं नाव मिळालं नाही, पण सांगणारी माणसं तीच होती आणि गोष्टीही त्याच. आजीची सासू बसऱ्याच्या लढाईतून न परतलेल्या दिराबद्दल सांगायची. ‘कूत’ म्हणायची ती. मोठेपणी मेसोपोटेमियाचा इतिहास वाचताना कळलं की ते कूत-अल-अमारा. डिसेंबर १९१५ पासून तिथल्या फौजेला वेढा पडला होता, आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशी पोटी ती तुर्कांना शरण गेली. त्या फौजेत मराठ्यांच्या पलटणी होत्या. आजीच्या सासूला तारीख माहीत नव्हती, नकाशा माहीत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की घोड्याचं मांस खायची पाळी आली तेव्हा आपला दीर उपाशी राहिला. इतिहासात नेमकी हीच गोष्ट आहे. त्या वेढ्यात घोडे कापले गेले आणि कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडात घेतलं नाही. चुलीपुढं बसलेल्या म्हातारीकडून मी हे पुस्तकाच्या आधी ऐकलं होतं.

मामाआजोबांचं युद्ध दुसरं. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावचं सेंटर, मग जहाज, मग इटली. घरात सांगितलं जायचं की नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला त्या रात्री मामाआजोबा त्याच नदीवर होते. ती नदी सेनिओ. ९ एप्रिल १९४५. नदीच्या दोन्ही तीरांवर उंच बांध, बांधांच्या उतारावर सुरुंग आणि जर्मनांच्या मशीनगन. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव कंपनीचे रनर होते. सोबतचे बहुतेक पडले तेव्हा त्यांनी दोन जखमींना पाण्यातून अलीकडं आणून ठेवलं, परत एकटे गेले, हाताला गोळी लागल्यावर हातगोळे फेकत मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून छत्रपतींचा जयघोष केला. वडीलधारी माणसं हे असं सांगायची की ऐकणाऱ्या पोराला नदीचा वास यावा. मधेच सांगणाऱ्याचा आवाज खाली यायचा, ‘आणि आपला दादा तिथंच होता,’ एवढं वाक्य यायचं, आणि गोष्ट दुसरीकडं वळायची.

कारण दादा परत आला तो असा. १९४६ साली ट्रंक घेऊन स्टँडवर उतरला. डिस्चार्जच्या कागदावर आचरण उत्तम म्हणून लिहिलेलं, छातीवर इटली स्टार. स्वतःच्या घरी तो थोडेच दिवस टिकला, मग बहिणीच्या घरी, म्हणजे आमच्या घरी, येऊन राहिला आणि मरेपर्यंत तिथंच होता. काम करायचा, पण विहिरीवर जात नसे. डोक्याला धडपा घट्ट बांधून बसायचा. रात्री सोप्यातल्या बाजेवरून ओरडत उठायचा, अंगणात जाऊन उभा राहायचा आणि उजाडेपर्यंत आत यायचा नाही. आम्हां मुलांना त्यांनी कधी दुखावलं नाही. बूट कसे चमकवायचे, अंथरुणाची घडी कशी घालायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. पण दुपारी ते एकटक बघत बसले की आई आम्हांला परसात पाठवायची.

गावानं त्याचं कारण ठरवून टाकलं होतं. जर्मनाचा गोळा डोक्याजवळ फुटला. नदीत माणसं मेलेली बघितली, म्हणून पाण्याला भितो. तिकडचं काहीतरी अंगाला चिकटून आलं. देवऋषी झाला, अंगारा झाला, म्हसवडच्या सिद्धनाथाला नेऊन आणलं. शहरातल्या एका दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, तिथं काही नाही म्हणाले. या सगळ्याकडं मी तुच्छतेनं बघू शकत नाही. १९४६ मध्येच आरोग्यसेवांच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीचा अहवाल आला. सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा आहेत, म्हणजे चाळीस हजार माणसांमागं एक, असं त्यात लिहिलं आहे. मुंबई इलाख्यात ठाणं, येरवडा, रत्नागिरी इथं इस्पितळं होती, आणि गावाला ती एकाच नावानं माहीत होती: वेड्यांची. आपल्या माणसाला तिथं न टाकता सोप्यात बाज टाकून देणारं घर मी कमी कसं लेखू? अंगाऱ्यानं निदान एवढं झालं की त्याला कुणी भेकड म्हणालं नाही. दोष बाहेरच्या वाऱ्यावर गेला.

आजी मात्र एक वेगळं काम करायची. पहाटे शेणकाला करायला उठली की अंगणात उभ्या भावाजवळ जायची आणि विचारायची, “काय दिसलं रं दादा?” ते कधी सांगत, कधी नाही. सांगितलं तर ती ऐकून घ्यायची, आणि नंतर ओढ्यावर गेली की ते स्वप्न वाहत्या पाण्याला सांगून यायची. वाईट स्वप्न पाण्याला सांगितलं की पाणी ते घेऊन जातं. हे तिनं तिच्या आईकडून घेतलेलं होतं. घरात कुणालाही वाईट स्वप्न पडलं तरी ती हेच करायची. फक्त भावासाठी तिनं ते वर्षानुवर्षं केलं.

दव्हरो आणि जिमी यांच्या खोलीत मला ही पहाट आठवत राहिली. जिमीच्या लोकांतही स्वप्न ही फालतू गोष्ट नव्हती. मैदानी प्रदेशातल्या जमातींमध्ये तरुण मुलगा उपास करून एकांतात स्वप्नाची वाट बघायचा आणि त्यात दिसेल ती शक्ती आयुष्यभर सोबत मानायचा. मोहावे तर त्याहून पुढं. त्यांच्यातल्या वैदूचं सारं बळच स्वप्नातून आलेलं असतं अशी त्यांची समजूत. आपल्याला फ्रॉइडकडं वळवलं ते मोहावे लोकांनी, असं दव्हरो सांगत. त्यामुळं टोपेकातला हा परका माणूस जिमीला आजाराबद्दल खोदून विचारत बसला नाही. त्यानं नाव विचारलं, जमातीच्या भाषेतलं. मग स्वप्न विचारलं. जिमी थोडं बोलला. दुसऱ्या दिवशी दव्हरोंनी तेच स्वप्न पुन्हा उचललं, त्यातल्या बाईला, जनावराला, रस्त्याला हात लावून विचारलं, हे कोण? हे केव्हाचं? आणि असं रोज. आजी स्वप्न पाण्यात सोडून द्यायची. दव्हरो ते हातातून सुटू देत नव्हते.

त्या रोजच्या तासांतून काय निघालं ते महत्त्वाचं आहे. जिमीच्या दुखण्याचं मूळ फ्रान्समध्ये नव्हतं. डोक्याला मार लागला हे खरं, पण त्या मारानं जे वर आलं ते जुनं होतं. लहानपणीच गेलेले वडील. घरातल्या बायका, त्यांचा धाक आणि त्यांची माया. एक मुलगी, जिच्यावर त्याचं प्रेम होतं आणि जिला दिवस गेलेले असताना तो सोडून गेला. आणि त्यांची लेक, जिचा बाप म्हणून तो उभाच राहिला नाही. बंदुकीच्या आवाजापेक्षा या गोष्टी त्याच्या कपाळात जास्त ठणकत होत्या. चित्रपट इथं फार प्रामाणिक आहे. एका झटक्यात आठवण येते, रडू फुटतं, रुग्ण बरा होतो, असं काही तो दाखवत नाही. जिमी बरा होतो तो हळू, मधेच दारू पिऊन, मधेच रागावून. आणि दव्हरोही त्याला इंडियन म्हणून कौतुकाच्या काचेत ठेवत नाहीत. त्याच्या चालीरीती ते कामाला लावतात, त्याच्यापर्यंत पोचायची वाट म्हणून.

दव्हरो स्वतः कोण होते हेही इथं सांगायला हवं. १९०८ मध्ये लुगोज गावी, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत, एका ज्यू घरात जन्मलेला हा मुलगा, ग्यॉर्ग दोबो. जन्मगाव पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात गेलं. पॅरिसला येऊन तो विज्ञान शिकला, मग मानववंशशास्त्राकडं वळला, १९३३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नाव बदललं आणि आपलं मूळ बहुतेकांपासून झाकून ठेवलं. ज्याचं गाव एका देशातून दुसऱ्या देशात गेलं, ज्यानं स्वतःचं नाव मागं टाकलं, तो माणूस राखीव वस्तीतून आलेल्या इंडियनासमोर बसून त्याचं खरं नाव विचारतो. अमालरिकनं ही तगमग फार हलक्या हातानं दाखवली आहे.

हा चित्रपट बघितला तेव्हा आजी पंच्याऐंशीच्या घरात होती. डोळे गेले होते, पण कान आणि आठवण शाबूत. शेंगा फोडायला बसली होती तेव्हा मी तिला जिमीची गोष्ट सांगायला लागलो. इंडियन म्हणजे कोण ते तिला कळायला वेळ लागला नाही. “म्हंजी तितलं मूळचं लोक. गोऱ्यानी जमिनी काढून घेतल्या ते.” मी हो म्हणालो. चव्वेचाळीस हजारांवर इंडियन त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढले, हेही सांगितलं. तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आपली माणसंही इंग्रजासाठीच गेली होती. पुढं मी जिमीच्या डोक्याचं सांगितलं, फोटोत काही निघालं नाही ते सांगितलं, त्याची बहीण त्याला इस्पितळात घेऊन आली ते सांगितलं. तिथं तिनं मला थांबवलं.

“त्याची भैन काय म्हनायची?”

चित्रपटात ती फार बोलत नाही. मी म्हणालो, बरा व्हावा म्हणायची, आणखी काय म्हणणार. आजी बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, “तिला ठावं असनार.” आणि तिनं जे सांगितलं ते घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

आजीला आणखी एक भाऊ होता, दादापेक्षा लहान, तिच्यापेक्षा थोडा मोठा. घरापुढच्या विहिरीवर मोट चालायची. दादा पंधरा-सोळा वर्षांचा, तो बैल हाकायचा. लहानगा थारोळ्याजवळ बसून खेळायचा. एकदा नाडा गुंतला म्हणून तो वाकला. दादानं बघितलं नाही, बैल धावेवर मागं घेतले, आणि मोटेबरोबर पोर आत गेलं. वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या वडिलांनी दादाला मारलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. दोन-तीन वर्षांनी भरतीवाले आले तेव्हा दादानं वय वाढवून सांगितलं आणि पलटणीत गेला. तो इटलीत असताना वडील वारले.

“रातचा वरडायचा न्हवं,” आजी म्हणाली, “लोक म्हनायचे जर्मनाला वरडतोय. तो बैलास्नी वरडायचा. मागं, मागं. मला कळायचं. त्या घरात ऱ्हाईना ते बी त्या हिरीपायीच.”

मी विचारलं, तू त्यांना कधी म्हणालीस का, की मला कळतं?

“न्हाई. वाटायचं, काढलं तर वाढंल. रोज इचारायची काय दिसलं, तो म्हनायचा बैल दिसले. मी म्हनायची बरं. आन् जाऊन वड्याला सांगायची.”

सेनिओच्या त्या रात्री पाण्यात मामाआजोबांना काय दिसलं असेल, हे आता मी ठरवू शकत नाही. वडीलधाऱ्यांची गोष्ट खोटी नव्हती. नदी होती, सुरुंग होते, शेजारचे मेले होते. पण युद्धाची गोष्ट सांगायला गाव तयार होतं, ऐकायला पोरं तयार होती, त्यात मान होता. विहिरीची गोष्ट सांगायला जागाच नव्हती. म्हणून सगळं दुखणं युद्धाच्या नावावर जमा झालं. आज आपण त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतो. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० मध्ये आलं. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट आहे की जॉन ह्यूस्टननं १९४६ मध्येच लष्कराच्या सांगण्यावरून अशा सैनिकांवर ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट करून ठेवला होता आणि लष्करानं तो दाबून ठेवला. लोकांना तो बघायला मिळाला त्याच १९८० च्या सुमारास. एवढी वर्षं ती माणसं आपापल्या सोप्यात, आपापल्या रँचवर ओरडत उठत राहिली. नाव मिळालं हे चांगलंच झालं. पेन्शन मिळते, उपचार मिळतात. पण जिमीला नुसतं नाव मिळालं असतं तर तो भ्रमिष्ट म्हणून आत राहिला असता. त्याला बरं केलं ते समोरच्यानं त्याच्या घरातली माणसं एकेक करून विचारली यानं. आणि माझ्या आजीकडं त्यातलं अर्धं आधीपासून होतं. तिचा प्रश्न बरोबर होता, वेळ बरोबर होती, माया तर होतीच. तिला पुढचा प्रश्न विचारायची परवानगी मात्र कुणी दिली नव्हती. बाईनं मेलेल्या भावाचं नाव काढायचं नाही, बापाचं मौन मोडायचं नाही, घरच्या विहिरीला दोष लावायचा नाही.

त्यानंतर आजी बोलतच राहिली. दर सुट्टीत मी गेलो की एकेक निघायचं. आमच्याच आळीतला एक टोब्रुकला पकडला गेलेला, जो परतल्यावर भाकरीचे तुकडे उशाखाली ठेवायचा. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा मराठ्यांची एक अख्खी बटालियन कैदेत गेली होती, हे मी नंतर वाचलं. एक सुभेदार, ज्याला पलटणीत सगळे मानायचे आणि ज्यानं गावी आल्यावर कुणाच्या लग्नाला पाय ठेवला नाही. या प्रत्येकाच्या मागं आजीला एक बाई माहीत होती, बायको, आई किंवा बहीण, जिला खरं कारण ठाऊक होतं. मी वही न्यायला लागलो. तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, नीट करायचे नाहीत, असं मी ठरवलं. हे मी दव्हरोंकडून घेतलं.

वही भरत आली तेव्हा मी तिला विचारलं, हे छापू का? तिनं विचारलं, त्या तुझ्या डाक्टरनं छापलं तवा त्या मानसाचं नाव घातलं का? मी म्हणालो, नाही. पुस्तकात त्याचं नाव बदललं आहे, जमातीचं नावसुद्धा बदललं आहे, तिथं ब्लॅकफूटच्या जागी ‘वुल्फ’ असं लिहिलं आहे. हे तिला पटलं. म्हणाली, “मग तसं कर. पोरं हायेत त्येंची. त्यास्नी आधी वाचून दाखव, आन् हिरीचं सांगताना माझ्या बाला वंगाळ लिहू नगं. तो बी रातचा झोपायचा न्हाई.”

मुलांना वाचून दाखवलं. थोरल्यानं दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत. नाव आणि गाव मी कुठंच घातलेलं नाही.